मेयोवाल्यांना ‘यंदा तरी?’ विचारू नका

जुलै लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर पालटतो. एरवी व्हिसा, भाड्याचं घर, मुलांच्या शाळा. आता मात्र झेंडे, जर्सी आणि ‘ताई, ऑफिसात काय बोलू?’ मी काही खेळाची जाणकार नाही. चेंडूशी संबंध म्हणाल तर तो सोफ्याखालून काढून पोराच्या हातात देण्यापुरता. पण १९ वर्षं आयर्लंडमधल्या बॅलाहाडरीन गावात राहते, वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये नर्स आहे, आणि रविवारी दुपारी टीव्हीच्या खोलीत ड्यूटी लागली की गेलिक फुटबॉलचं, म्हणजे इथल्या देशी फुटबॉलचं, सगळं शिक्षण फुकटात होतं. त्या जोरावर ही उत्तरं.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी आयर्लंडला आलो. उन्हाळ्यात सोमवारी सकाळी ऑफिसात पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही कोणत्या काउंटीचे?’ मॅनेजर केरीचे, शेजारच्या टेबलावरची बाई मेयोची. कोणाला न दुखावता कुठली काउंटी निवडू? – एक वाचक, डब्लिन

निवडायची नसतेच हो. काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, आडनावासारखी असते, आवडो न आवडो, चिकटते. तुम्ही डब्लिनमध्ये भाडं भरता, मुलं डब्लिनच्या शाळेत जातात, म्हणजे तुम्ही डब्लिनचे. मॅनेजरना खूश करायला ‘मीपण केरी’ म्हणालात तर ते तोंडावर हसतील आणि मनात तुमची नोंद करून ठेवतील. त्यापेक्षा ‘डब्लिन’ म्हणा आणि टोमणे खा. मेयोची ती बाई रोज टोमणा मारायला लागली की समजा, तुम्हाला घरातलं धरलं.

खेळाडूंनाही निवड नसते. जी.ए.ए. ही गेलिक खेळ चालवणारी संघटना १८८४ साली टिपरेरीतल्या थर्ल्स गावी एका हॉटेलात स्थापन झाली. तिचा पाया म्हणजे पॅरिश, चर्चभोवतालची वस्ती. पॅरिशचा क्लब, आणि क्लबांतून निवडलेला काउंटीचा संघ. पगार नाही, लिलाव नाही, जास्त पैसे देणाऱ्याकडे उडी नाही. सध्याचा सगळ्यांत नावाजलेला खेळाडू म्हणजे केरीचा डेव्हिड क्लिफर्ड. तो पेशानं शिक्षक आहे आणि त्याचा क्लब म्हणजे किलार्नीला लागून असलेलं फॉसा, एवढंसं गाव. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ८२,००० लोकांसमोर खेळलेली मुलं सोमवारी कामावर हजर असतात. त्यातला एखादा तुमच्याकडे गळका नळ बघायलाही येईल. म्हणजे आपला संघ हरतो तेव्हा ओळखीच्या बाईचा मुलगा हरलेला असतो.

आणि म्हणूनच फुशारकी मारायची ती शेजाऱ्यासमोर. गॉलवेनं टिरोनला हरवलं तर गॉलवेकरांचा रविवार छान जातो. शेजारच्या मेयोला हरवलं तर वर्षभराची बेगमी होते.

प्रश्न : टीव्हीवर १-१५ आणि ०-१७ असं काहीतरी दिसतं. पंधरापेक्षा सतरा मोठे ना? मग पहिला संघ का नाचतो? – एक आजोबा, मुलाकडे मुक्काम, ॲथलोन

पहिला आकडा गोलचा, दुसरा पॉइंटचा. चेंडू जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन. आडव्या दांडीवरून, दोन खांबांच्या मधून गेला तर पॉइंट, त्याचा एक. तुमचे पहिले झाले १८, दुसरे १७. २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून पायानं मारून दांडीवरून घालवला तर दोन मिळतात, आणि खांबापाशी नारिंगी झेंडा वर जातो.

आजोबा, आकडे तुम्ही सहज म्हणून लिहिले असतील. पण केरीच्या माणसासमोर हेच दोन आकडे उच्चारू नका. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : आमचे घरमालक केरीतल्या ट्रलीचे. सामन्याआधी म्हणतात, ‘यंदा आमच्यात दम नाही.’ जिंकल्यावर म्हणतात, ‘नशीब होतं.’ इतकी नम्र माणसं मी पाहिली नाहीत. बाकीचे लोक केरीवाल्यांना गर्विष्ठ का म्हणतात? – एक वाचक, लिमरिक

नम्र! अहो, त्या नम्रतेला तिकडे एक खास उद्गार आहे, ‘यरा’. ‘यरा, आमचं काय घेऊन बसलात’ अशा थाटाचा. २०२५ धरून केरीची ३९ ऑल-आयर्लंड, म्हणजे सगळ्या काउंट्यांमधली, अजिंक्यपदं आहेत. त्यांच्या खालोखाल डब्लिन, ३१. खानदानी श्रीमंत बाई लग्नाला एकच बांगडी घालून येते ना, तशी ही नम्रता. बांगडी केवढ्याची आहे ते सगळ्या मांडवाला ठाऊक असतं. २०२५ च्या फायनलला केरीनं डोनेगॉलला १-२६ विरुद्ध ०-१९ असं लोळवलं, चांगलं दहा गुणांनी. तुमचे घरमालक दुसऱ्या दिवशी काय म्हणाले असतील? ‘डोनेगॉलचा दिवस नव्हता.’ पैज लावते.

ही नम्रता कुठे संपते ते बघायचं असेल तर १९८२ चा विषय काढा. केरी १९७८ पासून सलग चार वर्षं जिंकली होती. सलग पाच तोवर कोणालाच जमले नव्हते. विजयाचे टी-शर्ट आधीच छापून झाले होते. फायनल ऑफलीशी. दोनेक मिनिटं उरलेली, केरी दोन गुणांनी पुढे. ऑफलीचा शेमस डार्बी, बदली म्हणून उतरलेला, त्यानं उंच आलेला चेंडू झेलला आणि वळून जाळ्यात मारला. ऑफली १-१५, केरी ०-१७. हेच ते ॲथलोनच्या आजोबांचे आकडे! डार्बीनं झेलताना बचावपटूच्या पाठीला हात लावला होता की नाही, यावर केरीत अजून खल चालतो. घरमालकांना एकदा नुसतं विचारा, ‘ढकललं होतं का हो?’ पण दुपारी मोकळा वेळ ठेवून विचारा.

आणि सलग पाच शेवटी कोणी केले? डब्लिननं, २०१९ मध्ये. फेरसामन्यात. केरीलाच हरवून. हे मात्र विचारू नका, भाडं वाढेल.

प्रश्न : कॅसलबारमध्ये नवीन आहोत. शेजारच्या आजींना गमतीनं विचारलं, ‘मग, यंदा तरी कप येणार का?’ त्या हसल्या नाहीत. तेव्हापासून दार अर्धंच उघडतात. माझं काय चुकलं? – एक वाचक, मेयो

तुमच्या त्या ‘तरी’नं घात केला. खुलासा जरा लांबेल. २०१७ चा उन्हाळा सांगते.

आमच्या नर्सिंग होममध्ये तेव्हा एक आजोबा होते, मेयोचे, नव्वदीला टेकलेले. १९५१ ची फायनल त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. मेयोनं मीथला हरवलं आणि सॅम मॅग्वायर कप, म्हणजे ऑल-आयर्लंडचा करंडक, घरी नेला, तो शेवटचाच. समोरच्या खुर्चीत रॉसकॉमनच्या एक आजी. त्यांच्या काउंटीची ऑल-आयर्लंड दोनच, १९४३ आणि १९४४, पण आजी ती कालपरवा झाल्यासारखी सांगायच्या. दोघांच्या मध्ये एक छोटं टेबल, त्यावर बिस्किटांची बशी. बशी कोणाच्या बाजूला सरकली आहे ते बघितलं की आदल्या रविवारचा निकाल मला न विचारता कळायचा.

जुलैत रॉसकॉमननं गॉलवेला हरवून कॉनाख्ट प्रांताचं अजिंक्यपद घेतलं. बशी आजींकडे. आजोबांनी बिस्कीट मागितलं की त्या म्हणायच्या, ‘आधी म्हणा, कॉनाख्टचे राजे कोण?’ आजोबा बिनबिस्किटाचा चहा प्यायचे.

मग याच दोन काउंट्या क्रोक पार्कवर समोरासमोर आल्या, ऑल-आयर्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीत. पहिला सामना बरोबरीत सुटला. त्या आठवड्यात आमच्याकडे दोघांचंही ब्लडप्रेशर मी दिवसातून दोनदा घेत होते. ऑगस्टमध्ये फेरसामना झाला. मेयो ४-१९, रॉसकॉमन ०-९. हिशेब करा, २२ गुणांचा फरक. आजोबा टाळ्या वाजवत बसले नाहीत. हात लांब करून बशी घेतली, मांडीवर ठेवली आणि म्हणाले, ‘बावीस.’ मग पुढचे पाच आठवडे तेच. सूप कसं आहे? ‘बावीस.’ रात्री किती वेळा उठलात? ‘बावीस.’ डॉक्टरांनी वय विचारलं तेव्हा मला मध्ये पडावं लागलं.

सप्टेंबरात फायनल, मेयो आणि डब्लिन. आजी त्या दिवशी मुद्दाम आकाशी कार्डिगन घालून आल्या, डब्लिनचा रंग. सामना असा झाला की एरवी जेवणानंतर झोपणारे सगळे जागे होते. शेवटच्या वाढीव मिनिटांतही बरोबरी. डब्लिनला फ्री किक मिळाली. डीन रॉक मारायला धावला, तेवढ्यात मेयोच्या एका खेळाडूनं पाठीवरचं जी.पी.एस.चं यंत्र उपसून चेंडूच्या दिशेनं फेकलं. मी स्वतः पाहिलं, आणि त्या क्षणी त्यात काही गैरही वाटलं नाही. यंत्र चुकलं, रॉक चुकला नाही. १-१७ विरुद्ध १-१६.

खोलीत कोणी बोलेना. मी आजींकडे बघत होते. वाटलं, आता तोंड सुटणार. त्या वॉकर धरून उठल्या, त्यांना उठायला चांगलं मिनिटभर लागायचं. टेबलावरची बशी उचलली आणि आजोबांच्या मांडीवर ठेवली. मला म्हणाल्या, ‘त्यांचा चहा गार झालाय, बदलून आण.’ बास.

मंगळवारी नाश्त्याला पुन्हा सुरू : ‘एक म्हणजे किती गं? बावीसपेक्षा कमीच ना?’ आजोबा हसले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

तर ताई, तुमच्या शेजारच्या आजींनी काय काय सोसलंय ते बघा. १९८९ पासून २०२१ पर्यंत मेयो ११ फायनल हरली. २०१६ च्या पहिल्या सामन्यात डब्लिनचे दोन गोल झाले, दोन्ही मेयोच्याच खेळाडूंच्या अंगाला लागून आत गेलेले. तरीही सामना बरोबरीत सोडवला, आणि फेरसामना एका गुणानं घालवला. पुढच्या वर्षी पुन्हा एका गुणानं. २०२१ मध्ये तर ज्या डब्लिननं सलग सहा वर्षं कप सोडला नव्हता त्यांना उपांत्य फेरीत हरवलं, आणि फायनल टिरोनशी हरले. मग शापाची गोष्ट निघते. १९५१ चा विजयी संघ फॉक्सफर्डमधून मिरवत चालला होता, वाटेत अंत्ययात्रा होती, हे थांबले नाहीत, आणि पाद्र्यानं शाप दिला, ‘या संघातला एकही जण जिवंत असेपर्यंत मेयोला कप नाही.’ दंतकथाच आहे. शहाणी माणसं ती सांगून झाल्यावर ‘आमचा विश्वास नाही हं’ म्हणतात. पण त्या संघातला शेवटचा खेळाडू २०२१ च्या सप्टेंबरात वारला, फायनल हरल्यावर काही दिवसांनी. तेव्हापासून शापाचीही सोय राहिली नाही. नुसतं हरणं उरलं.

उपाय सोपा आहे. काहीतरी गोड करा आणि घेऊन जा. दारात म्हणा, ‘तुमची पोरं यंदा छान खेळताहेत.’ पुढे एक शब्द बोलू नका. दार पूर्ण उघडेल, आणि तासाभरानं तुम्हालाच निघायचं कसं ते सुचणार नाही.

प्रश्न : मुलांना क्रोक पार्क दाखवायचंय. दोन्हीकडचे लोक वेगळे बसतात का? मारामाऱ्या होतात का? – दोन मुलांची आई, मेनूथ

बिनधास्त न्या. मिसळून बसतात. डावीकडे एका काउंटीचं कुटुंब, उजवीकडे दुसऱ्या, आणि मध्यंतरात सँडविचचा डबा तुमच्यावरून इकडून तिकडे जातो. मैदानावर खेळाडूंची ओढाओढी होते, ती असतेच. अपवाद एकच, हिल १६. एका टोकाचा उभं राहायचा उतार, डब्लिनकरांची वडिलोपार्जित मालमत्ता. २००६ च्या उपांत्य सामन्याआधी मेयोचे खेळाडू आधी उतरले आणि थेट त्या हिलसमोर जाऊन सराव करू लागले. दुसऱ्याच्या ओसरीवर चटई टाकून बसावं तसं. डब्लिनचा संघ आला, तोही तिथेच. एकाच गोलसमोर दोन संघ, धक्काबुक्की, एकमेकांचे चेंडू पायात. मग सामन्यात मेयो सात गुणांनी मागे पडली आणि तरी १-१६ विरुद्ध २-१२ अशी एका गुणानं जिंकली. फायनलला केरीनं मेयोचं काय केलं ते इथे सांगत नाही, कॅसलबारच्या वाचकही हे पान वाचताहेत.

तुम्ही बसायची तिकिटं घ्या, मुलांचे पाय दुखतील.

प्रश्न : डब्लिनवर सगळ्यांचा राग का? – एक वाचक, टाला

२०१५ ते २०२०, सलग सहा कप. आणि २०२२ च्या जनगणनेत देशाच्या साधारण ५१ लाखांपैकी साडेचौदा लाख माणसं डब्लिनची. लीट्रिममध्ये जेमतेम ३५ हजार. दोघांनाही पंधराच खेळाडू उतरवायचे असतात. वर क्रोक पार्क डब्लिनच्या दारात. पण १९९५ नंतर २०११ पर्यंत डब्लिनला कप मिळत नव्हता, तेव्हा लोकसंख्येचा विषय कोणी एवढा काढत नव्हतं, हेही खरं. डब्लिनकर बाकीच्यांना ‘कल्ची’, म्हणजे खेडवळ, म्हणतात, बाकीचे त्यांना ‘जॅकीन’, म्हणजे शहरी शिष्ट. हे दोन्ही शब्द तुम्ही आणखी दहा वर्षं वापरू नका. ऐकून घ्या.

प्रश्न : नवीन घर आताच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे, पण काउंटीची हद्द ओलांडून. मुलगा दहा वर्षांखालच्या संघात खेळतो. क्लब बदलावा लागेल का? तो रडतोय. – एक बाबा

नियमाचं क्लबच्या सेक्रेटरींना विचारा, मुलगा लहान आहे, मार्ग निघेल. रडण्याचं मात्र गांभीर्यानं घ्या. तो शाळेसाठी नाही रडत, ज्यांना ‘ते पलीकडचे’ म्हणायला शिकला त्यांच्यात जावं लागेल म्हणून रडतोय.

नकाशावरची हद्द आणि फुटबॉलची हद्द एकच असते असं नाही. आमचंच गाव घ्या. बॅलाहाडरीन पूर्वी मेयोत होतं. १८९८ च्या स्थानिक कारभाराच्या कायद्यानं ते रॉसकॉमनमध्ये गेलं. कागद गेले, कर गेले, क्लब काही गेला नाही. तो अजून मेयोतच खेळतो. २०१७ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू अँडी मोरन याच गावचा, आणि जर्सी मेयोची. म्हणजे रॉसकॉमनला बावीस गुणांनी हरवणाऱ्या संघात रॉसकॉमनमधल्या गावचा माणूस! गावात एकाच रस्त्यावर हिरवा-लाल झेंडा आणि पिवळा-निळा झेंडा समोरासमोर फडफडतात, कधीकधी एकाच घराच्या दोन खिडक्यांतून. नवरा-बायको आतून वेगवेगळ्या काउंटीचे. त्यांचा संसार चाललाय बरा, मे महिन्यात जरा स्वयंपाक अळणी होतो एवढंच.

मुलाला जुन्या मित्रांबरोबरच खेळू देता आलं तर बघा. पाच मिनिटांचं तर अंतर आहे.

पत्र : गेल्या अंकात तुम्ही बॅलाहाडरीनला ‘मेयोतलं गाव’ म्हणालात. हे चूक आहे आणि आम्हाला लागलं आहे. जाहीर माफी हवी. – एक वाचक, रॉसकॉमन

मागते. बॅलाहाडरीन रॉसकॉमन काउंटीत आहे. माझ्या गाडीच्या नंबरात आर.एन. आहे, मत मी रॉसकॉमन-गॉलवे मतदारसंघात देते, आणि या अंकातल्या उत्तरात ते व्यवस्थित लिहिलं आहे, वर बघा. आमच्या दारावरचा झेंडा मात्र हिरवा-लाल आहे. तो मुलानं लावलाय, शिडी घेऊन, धुराड्याच्या उंचीला. तो काढायला मी चढणार नाही.